कोड न मागता बग कसा मागायचा

मागच्या गाळप हंगामात वाळूजच्या एका छोट्या वर्कशॉपातून फोन आला. "सर, तुम्ही ते कंपायलरचं बघता म्हणे. आमचं कंपायलर बिघडलंय."

फोन करणारे गृहस्थ वजनकाट्याचे इंडिकेटर बनवतात. उसाची ट्रॉली काट्यावर चढली की लाल आकडे दाखवते ती डबी. कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर) नवा टाकल्यापासून जड गाडी चढली की डबीवर उणे २१,४६९ किलो दिसायला लागलं, तेही शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत. आपल्याकडे काट्याबद्दल लोक आधीच किती संशयी असतात ते सांगायला नको. 'काटा मारला' म्हणायला एरवी उणे चिन्हही लागत नाही.

मी म्हणालो, "कोड पाठवा."

"कोड नाही देता येणार सर. मालक नाही म्हणतेत."

हा लेख या वाक्यापासून पुढे काय करायचं त्याबद्दल आहे. मी दिवसा छत्रपती संभाजीनगरात नोकरी करतो आणि रात्री जेवणं झाली की जीसीसी या खुल्या कंपायलरच्या बगझिलावर, म्हणजे बग नोंदवायच्या संकेतस्थळावर, आलेल्या तक्रारी चाळतो. पगार नाही, पद नाही. या कामात नव्याने येणारी मुलं सगळ्यात जास्त इथेच अडतात: कंपायलरचा कोड सगळ्यांना खुला, पण ज्या प्रोग्रॅममध्ये तो चुकला त्याचा कोड बंद. असल्या तक्रारींकडे काही जण दुर्लक्ष करतात, ते मला पटत नाही. जीसीसी जीपीएल या मुक्त परवान्याखाली असला तरी त्याने बनवलेला तुमचा प्रोग्रॅम खुला करायची सक्ती नाही. त्यासाठी रनटाइम लायब्ररीची (कंपायलर तुमच्या प्रोग्रॅममध्ये जोडतो त्या तयार कोडची) वेगळी सवलत आहे आणि २००९ साली ती नव्याने स्पष्ट लिहिली गेली. म्हणजे बंद कोडवाले चोरून वापरत नाहीत, हक्काने वापरतात, आणि त्यांच्याकडे सापडलेला बग उद्या आपल्यालाही चावणार असतो.

सुरुवातीलाच एक खुलासा: कमांड आणि पर्याय मी आपण बोलतो तसे देवनागरीत लिहिलेत. टर्मिनलवर अर्थात इंग्रजी स्पेलिंगच टाइप करायचं.

जवळ काय हवं

- लिनक्स असलेला लॅपटॉप. ८ जीबी रॅमवर भागतं, १६ असेल तर कंपायलर बिल्ड करताना (म्हणजे कोडपासून तयार करताना) चहा थंड होत नाही.
- रिकामी डिस्क ४० जीबीपर्यंत.
- जीसीसीच्या तीन-चार आवृत्त्या शेजारी शेजारी. उबंटू-डेबियनवर त्या एकत्र नांदतात. सोबत क्लँग, हा दुसरा खुला कंपायलर.
- सी-व्हाइज किंवा सी-रिड्यूस (फाइल छाटणारी हत्यारं), व्हॅलग्राइंड (मेमरीच्या चुका पकडणारं), गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं).
- चिपचा कोड असेल तर त्या चिपचा क्रॉस-कंपायलर (पीसीवर बसून त्या चिपसाठी प्रोग्रॅम बनवणारा) आणि क्यूईएमयू (चिपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर).
- बगझिलाचं खातं.
- समोरच्या कंपनीकडून एक ओळीचा मेल. त्याबद्दल लगेच सांगतो.

जीसीसीचं गिट भांडार मोबाइल डेटावर उतरवायला जाऊ नका. कॉलेजच्या नाहीतर ऑफिसच्या नेटवर एकदाच पूर्ण इतिहासासकट उतरवून घ्या. अर्धवट इतिहास सहाव्या टप्प्यावर नडतो.

## १. काय घेणार नाही ते आधी ठरवा

झिप घेऊ नका. समोरचा माणूस भला असतो, घाईत असतो, "बघून डिलीट करा" म्हणून अख्खा प्रोजेक्ट व्हॉट्सॅपवर टाकतो. उघडू नका. एकदा उघडलात की उद्या त्या कोडसारखं काही बाहेर दिसलं तर बोट तुमच्याकडे वळतं. गोपनीयतेच्या करारावर सही करू नका. फुकट काम करून वर कायदेशीर ओझं कशाला? स्क्रीन शेअर करून "तुम्हीच बघा ना" म्हणाले तर एवढंच सांगा, "मी सांगतो, करायचं तुम्ही, तुमच्याच मशीनवर."

मागायचं ते असं: कंपायलरची नेमकी आवृत्ती, कोणत्या प्रोसेसरसाठी बिल्ड होतंय, पूर्ण कमांड, कंपायलरने ओकलेला पूर्ण मजकूर. आणि सगळ्यात शेवटी, त्यांनी स्वतःच्या हाताने छाटलेली छोटी फाइल.

ती छोटी फाइल जाहीर ठिकाणी जाणार आहे. म्हणून "ही अमुक ओळींची फाइल सार्वजनिक बग-तक्रारीला जोडायला आमची हरकत नाही" असा मेल अधिकार असलेल्या माणसाकडून आधी घ्या. इंजिनिअरने तोंडी 'हो' म्हणणं पुरत नाही. बिचाऱ्याची नोकरी जायची.

## २. तक्रारीची जात ओळखा

'कंपायलर बिघडलंय' या एका वाक्यात चार वेगळी दुखणी येतात.

पहिलं, कंपायलर स्वतःच कोसळतो. पडद्यावर 'इंटर्नल कंपायलर एरर' असं येतं, आमच्यात त्याला आईस म्हणतात. यात वाद नाही. प्रोग्रॅम कितीही गचाळ असो, कंपायलर कोसळणं हा कंपायलरचाच दोष. सरळ टप्पा चारवर जा.

दुसरं, बिल्ड नीट होतं पण प्रोग्रॅम चुकीचं उत्तर देतो. काट्याची तक्रार या जातीची. इथे टप्पा तीन चुकवू नका.

तिसरं, नवा कंपायलर जुना कोड नाकारतो. बहुतेक वेळा कोडच प्रमाणाबाहेर लिहिलेला असतो आणि जुना कंपायलर डोळेझाक करत असतो.

चौथं कंपायलरचं नसतंच, पण फोन तुम्हालाच येतो. कंपनीने कुणाकडून तरी बंद लायब्ररी विकत घेतलेली असते, नुसती बायनरी, म्हणजे कोडशिवाय तयार फाइल. ती जीसीसी ५ च्या आधीच्या कंपायलरने बनवलेली. लिंक करताना (सगळे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवताना) स्ट्रिंगच्या नावाने 'अनडिफाइन्ड रेफरन्स'ची रांग लागते आणि त्या नावांत 'सीएक्सएक्स-११' अशी अक्षरं दिसतात. २०१५ साली जीसीसी ५ ने सी प्लस प्लसच्या स्ट्रिंगची अंतर्गत मांडणी बदलली, त्याचं हे फळ. जुनी मांडणी वापरायला सांगणारा मॅक्रो आहे, त्याची किंमत शून्य करून आपला कोड पुन्हा बिल्ड केला की बहुधा जमतं. दहा मिनिटांचं काम.

## ३. आधी प्रोग्रॅमवर संशय घ्या

"ओ-झिरोवर चालतं, ओ-टूवर बिघडतं, म्हणजे कंपायलरच ना?" हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो (ओ-झिरो म्हणजे ऑप्टिमायझेशन, प्रोग्रॅम वेगवान करायचे कंपायलरचे फेरफार, बंद; ओ-टू म्हणजे चालू). नाही. माझ्या अनुभवात असल्या बहुतेक तक्रारींत चूक प्रोग्रॅमचीच निघते. ऑप्टिमायझर ती फक्त उघडी पाडतो.

काट्याचंच बघा. मी त्यांना कोड मागितला नाही, फक्त वजन काढायची रीत फोनवर विचारली. लोडसेलकडून (काट्याखालच्या वजन मोजणाऱ्या सेन्सरकडून) २४ बिटचा कच्चा आकडा येतो. त्याला कॅलिब्रेशनच्या ३०० ने गुणायचं. गुणाकार उणे आला तर 'ओव्हर' दाखवायचं. नाही आला तर तो दुसऱ्या फाइलीतल्या डिस्प्लेच्या फंक्शनकडे द्यायचा, तिथे एक लाखाने भागून किलो निघतात.

आता गणित करा. कच्चा आकडा ७१,६०,००० आला. गुणिले ३०० म्हणजे २,१४,८०,००,०००. पण ३२ बिटच्या चिन्ह असलेल्या पूर्णांकात मावतं जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७. आकडा उतू गेला आणि फिरून उणे झाला. लिहिणाऱ्याला हे माहीत होतं, म्हणूनच त्याने 'उणे आला तर ओव्हर' असं लिहिलं. वर्षानुवर्षं ते चाललंही.

सी भाषेच्या नियमात मात्र चिन्ह असलेला पूर्णांक उतू जाणं हे 'अनडिफाइन्ड बिहेव्हियर'. म्हणजे प्रोग्रॅमर ते होऊच देणार नाही असं धरून चालायची कंपायलरला मुभा आहे. कच्चा आकडा धन आहे हे वरच्याच ओळीत तपासलेलं, ३०० धन, मग गुणाकार उणे होईलच कसा? सबब 'उणे आला तर' ही तपासणी निरर्थक. नव्या कंपायलरने ओ-टूवर ती उडवून टाकली. उणे आकडा अडवणारं कुणी उरलं नाही, आणि उसाच्या ट्रॉलीचं वजन उणे एकवीस टन झालं.

हे पकडायची रीत ठरलेली आहे आणि कंपनीचा माणूस ती आपल्याच मशीनवर करू शकतो:

अ) डब्ल्यू-ऑल आणि डब्ल्यू-एक्स्ट्रा लावून बिल्ड करा. आलेल्या वॉर्निंग वाचा. 'त्या नेहमीच येतात' म्हणून सोडू नका.

ब) एफ-नो-स्ट्रिक्ट-एलियासिंग, एफ-रॅप-व्ही आणि एफ-नो-अ‍ॅग्रेसिव्ह-लूप-ऑप्टिमायझेशन्स हे तीन पर्याय एकत्र लावून बघा. बग गायब झाला तर एकेक काढत जा. काट्याच्या बाबतीत नुसत्या रॅप-व्हीने (उतू गेलेला आकडा फिरून उणे होतो असं धरायला लावणारा पर्याय) 'ओव्हर' परत आलं. गुन्हेगार तिथेच कळला. बग गेला म्हणजे औषध सापडलं असं मात्र समजू नका, हे निदान आहे.

क) एफ-सॅनिटाइझला 'अनडिफाइन्ड' देऊन बिल्ड करा आणि चालवा (प्रोग्रॅम चालताना चुका पकडणारी ही तपासणी म्हणजे सॅनिटायझर). चिपवर हे अवघड जातं, म्हणून हिशोबाचं फंक्शन तेवढं उचलून पीसीवर एका छोट्या प्रोग्रॅममध्ये ठेवा आणि त्याला खरे आकडे द्या. "७१६०००० गुणिले ३०० हे इंटमध्ये मावत नाही" असं ते ओळ क्रमांकासकट सांगतं. मग 'अ‍ॅड्रेस' देऊन पुन्हा एकदा.

ड) इंटरप्ट असलेला कोड असेल तर विचारा: इंटरप्टमध्ये (चालू काम मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) बदलणारा व्हेरिएबल व्होलाटाइल ('दर वेळी मेमरीतून ताजा वाच' अशी खूण केलेला) आहे का? चिपवाल्यांच्या अर्ध्या तक्रारी इथे संपतात.

काट्यावरचा इलाज एका ओळीचा निघाला: गुणाकार ६४ बिटमध्ये करा आणि मर्यादा त्यावर तपासा. (दुरुस्त काट्याची वैधमापनवाल्यांकडून पुन्हा पडताळणी करून शिक्का घ्यायला विसरू नका, हे मी त्यांना वर सांगितलं. ते म्हणाले, "ते तर कंपायलरपेक्षा अवघड काम हाये.")

बंद सॉफ्टवेअरची चूक बाहेरच्या माणसाने कोड न बघता पकडल्याचं एक गाजलेलं उदाहरण सांगायलाच हवं. २०१० च्या शेवटी फेडोरा १४ या लिनक्सवर फ्लॅश प्लेअरचा (ब्राउझरमध्ये व्हिडिओ दाखवायचा त्याचा) आवाज खरखरायला लागला. कोड अडोबीकडे बंद. तक्रार पोचली फेडोराच्या बगझिलावर आणि तिथे स्वतः लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स खोदायला बसले. निघालं ते असं: जीलिबसीने (लिनक्सवरची सीची मूळ लायब्ररी) मेमकॉपी (मेमरीतला मजकूर दुसऱ्या जागी नकलणारं फंक्शन) जलद केली होती आणि काही इंटेल प्रोसेसरवर ती आता उलट्या बाजूने नक्कल करायची. एकमेकांवर चढणाऱ्या जागांसाठी मेमकॉपी वापरू नये असा नियमच आहे, त्यासाठी मेममूव्ह आहे. फ्लॅश तो नियम मोडत होता. टोरवाल्ड्स यांनी स्वतःची साधी मेमकॉपी लिहून ती फ्लॅशच्या आधी लोड करवली आणि आवाज सुधारला. चूक कुणाची ते सिद्ध झालं, पण 'नियम तुम्ही मोडलात, भोगा' हे त्यांना मान्य नव्हतं. पुढे जीलिबसी २.१४ मध्ये जुन्या बायनरींसाठी जुनं वागणं ठेवलं आणि नव्याने बिल्ड होणाऱ्यांना नवी मेमकॉपी दिली. भांडण लायब्ररीचं होतं, पण युक्ती आपल्याही कामाची: संशयित भाग बदलून बघायला कोड लागतोच असं नाही.

## ४. छाटणी

टप्पा तीनमधून तक्रार सहीसलामत बाहेर पडली किंवा आईस आहे, तर आता खरं काम.

आधी सेव्ह-टेम्प्स लावून बिल्ड करायला सांगा. सगळे हेडर (कोडने मागवलेल्या इतर फाइली) आत ओढलेली एक सलग फाइल मिळते: सीची असेल तर शेवटी आय, सी प्लस प्लसची असेल तर दोन आय. क्लँग कोसळला तर ही फाइल आणि ती चालवायची स्क्रिप्ट तो आपणहून टेम्प फोल्डरमध्ये ठेवतो आणि रस्ताही छापतो. जीसीसीत एफ-रिपोर्ट-बग हा पर्याय साधारण तेच करतो.

ही फाइल पन्नास-साठ हजार ओळींची सहज होते. हाताने छाटत बसलात तर दिवाळी येईल. सी-रिड्यूस हे यूटा विद्यापीठातल्या लोकांनी केलेलं हत्यार, सी-व्हाइज त्याचा पायथनमधला धाकटा भाऊ. काम सोपं: फाइलीतून तुकडे काढत जायचे आणि दर वेळी विचारायचं, 'अजून बग दिसतोय का?' दिसला तर तो तुकडा कायमचा गेला, नाही दिसला तर परत ठेवला. हे रात्रभर, हजारो वेळा, सगळ्या कोअरवर.

'अजून बग दिसतोय का' हे ठरवणारी शेल स्क्रिप्ट तुम्ही लिहून द्यायची. बग दिसला तर तिने शून्य परत करायचं, नाहीतर दुसरं काहीही. सगळी मेख या स्क्रिप्टमध्ये.

जालन्याच्या एका मुलीला मी हे पहिल्यांदा फोनवर शिकवलं. बियाण्याच्या कंपनीत सॉफ्टवेअर बघते, तिच्याकडे खराखुरा आईस होता. तिने स्क्रिप्ट लिहिली: कंपायलर नापास झाला की शून्य. रात्री लावून झोपली. सकाळी फोन: "दादा, झालं! ६१ हजार ओळींची एकच ओळ राहिली!"

"काय आहे त्या ओळीत?"

"एक उघडा महिरपी कंस."

उघडा कंस दिला तरी कंपायलर नापास होतोच की. सी-व्हाइजने सांगितलं तेवढंच इमानदारीने केलं. मी हसलो नाही, कारण पहिल्या वेळी माझ्याकडे नुसता अर्धविराम उरला होता.

म्हणून आईससाठी स्क्रिप्टमध्ये 'इंटर्नल कंपायलर एरर' हे शब्द शोधा, आणि सोबत बॅकट्रेसमधलं (कोसळताना छापलेल्या फंक्शनांच्या यादीतलं) कोसळलेल्या फंक्शनचं नावही शोधा. नुसत्या शब्दांवर राहिलात तर छाटता छाटता गाडी दुसऱ्याच आईसच्या रुळावर जाते, आणि तुम्ही भलताच, कदाचित आधीच नोंदलेला बग घेऊन बसता. तिने नाव घातलं. त्या रात्री मध्येच लाइट गेली, तिच्या पीसीला इन्व्हर्टर नाही. तरी काम वाया गेलं नाही, कारण सी-व्हाइज प्रत्येक यशस्वी छाटणीनंतर मूळ फाइलवरच लिहितो आणि पहिली प्रत 'ओरिग' नावाने बाजूला ठेवतो. सकाळी तिथूनच पुढे चालू केलं. दुपारपर्यंत १७ ओळी.

चुकीच्या उत्तराच्या बगला स्क्रिप्ट जास्त कडक लागते. ओ-झिरो आणि ओ-टू दोन्हींनी बिल्ड करून चालवा, उत्तरं वेगळी आली पाहिजेत. आणि त्याच स्क्रिप्टमध्ये सॅनिटायझरने बिल्ड केलेली प्रत तक्रार न करता चालली पाहिजे, शिवाय प्रारंभिक किंमत न दिलेल्या व्हेरिएबलची किंवा रिटर्न विसरल्याची वॉर्निंग येता कामा नये. हे नाही घातलं तर सी-व्हाइज स्वतःच अनडिफाइन्ड बिहेव्हियर पेरून ठेवतो: व्हेरिएबलची सुरुवातीची किंमत काढून टाकली, झाली दोन उत्तरं वेगळी! प्रत्येक चालवण्याला टाइमआउट लावा. छाटलेल्या प्रोग्रॅमचं लूप अनंत फिरत राहणं नेहमीचं. मेमरीलाही मर्यादा घाला, नाहीतर लॅपटॉप गोठतो.

चिपसाठीचा कोड असेल तर क्रॉस-कंपायलरने बिल्ड करून क्यूईएमयूमध्ये चालवा. बोर्डावर दर वेळी फ्लॅश करून छाटणी होत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट: सी-व्हाइज प्रत्येक प्रयोग तात्पुरत्या फोल्डरमध्ये करतो. स्क्रिप्टमध्ये फाइलचं नुसतं नाव लिहा, पूर्ण रस्ता नको. पूर्ण रस्ता लिहिलात तर स्क्रिप्ट नुकताच छाटलेला तुकडा सोडून मूळ जागेवरची फाइलच तपासते, आणि 'बग दिसतोय' या उत्तराला काही अर्थ उरत नाही.

## ५. बाहेर पाठवण्याआधी झाडून घ्या

छाटणीत व्हेरिएबलची नावं ए, बी, सी अशी होतात, कॉमेंट तर आधीच गेलेल्या असतात. त्यामुळे लोकांना वाटतं आता गुपित काही उरलं नाही. उरतं, आणि नको तिथे उरतं.

आय फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. हॅशने सुरू होणाऱ्या ओळींमध्ये मूळ फाइलींचे पूर्ण रस्ते असतात: होम, मग कर्मचाऱ्याचं लॉगिन, मग ग्राहकाच्या नावाचं फोल्डर, मग न जाहीर झालेल्या मॉडेलचा नंबर. पी हा पर्याय देऊन प्रीप्रोसेस केलं की या ओळी जातात. क्वचित त्या गेल्या की बगही पळतो, कारण कोणतं हेडर सिस्टीमचं आहे हे कंपायलर त्या ओळींवरूनच ओळखतो. तसं झालं तर ओळी ठेवा आणि रस्ते हाताने बदला.

अवतरणातल्या स्ट्रिंग तपासा. असेम्ब्लीची फाइल जोडत असाल तर तिच्यातल्याही, त्या तशाच उतरलेल्या असतात.

आणि कमांड! डी पर्यायाने दिलेले मॅक्रो कुणी वाचत नाही. एकदा माझ्याकडे आलेल्या कमांडमध्ये चक्क लायसन्सची किल्ली होती. मी ती पुसली, पाठवणाऱ्याला ती बदलायला सांगितलं आणि तो मेल डिलीट केला.

बगझिलावर टाकलेलं जगभरच्या मेलिंग लिस्टवर जातं आणि तिथे साठून राहतं. मागे घ्यायची सोय नाही. म्हणून शेवटचा हात कंपनीच्या माणसाने फिरवावा आणि 'ठीक' म्हणावं, मगच पुढे.

कंपायलर एक्सप्लोरर या संकेतस्थळाचंही तसंच. छाटलेला तुकडा वेगवेगळ्या आवृत्त्यांवर टाकून बघायला त्याच्यासारखं साधन नाही, मी रोज वापरतो. पण कंपनीचा कच्चा कोड तिथे चिकटवायचा नाही, आणि 'हा कोड छोटा करून दे' म्हणून चॅटबॉटलाही द्यायचा नाही. पाठवला म्हणजे तो बाहेर गेला.

## ६. कधीपासून बिघडलं ते शोधा

हे ऐच्छिक, पण केलंत तर दुरुस्ती करणारा आशीर्वाद देईल. आधी जवळच्या तीन-चार आवृत्त्यांवर तुकडा चालवा. समजा १२ वर ठीक आणि १३ वर बिघडलेलं. मग गिट बायसेक्ट. मधे आठ हजार बदल असतील तर प्रत्येक वेळी निम्मे गाळत तेरा टप्प्यांत नेमका बदल सापडतो. प्रत्येक टप्प्याला जीसीसी बिल्ड करावा लागतो, म्हणून डिसेबल-बूटस्ट्रॅप द्या (नव्या जीसीसीने स्वतःलाच पुन्हा बिल्ड करणं बंद) आणि भाषा फक्त लागतील तेवढ्या. माझ्या जुन्या लॅपटॉपला एका बिल्डला पाऊण तास लागतो, तेव्हा रविवार मोकळा ठेवा. बिल्ड सोर्सच्या फोल्डरमध्ये करू नका, वेगळं फोल्डर करा.

एलएलव्हीएमवर (क्लँग ज्या पायावर उभा आहे तो) ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट हा पर्याय आहे. आकडा कमी-जास्त करत ऑप्टिमायझेशनच्या कोणत्या फेरीनंतर उत्तर बिघडतं ते कळतं, पुन्हा बिल्ड न करता. याबाबतीत क्लँगवाल्यांचं सुख जीसीसीवाल्यांपेक्षा जास्त, हे मी जीसीसीचा माणूस असूनही मान्य करतो.

वेगळ्या प्रोसेसरचं मशीन हवं असेल तर जीसीसी कंपाइल फार्म आहे. मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना तिथे मोफत खातं मिळतं. कंपनीचं काम तिथे करायचं नाही, छाटलेल्या तुकड्यापुरतंच.

## ७. तक्रार नोंदवा

आधी शोधा. आईस असेल तर कोसळलेल्या फंक्शनचं नाव टाकून शोधलं की डुप्लिकेट लगेच सापडतं. दशांश आकडे ओ-टूवर थोडे वेगळे येतात अशी तक्रार असेल तर आधी बग क्रमांक ३२३ वाचा. तो २००० सालचा आहे. जुन्या एक्स-८६ प्रोसेसरवर ८० बिटच्या रजिस्टरमुळे असं होतं, आणि त्याच्या डुप्लिकेटांचा ढीग लागलाय.

चिप बनवणाऱ्याने स्वतःचे बदल करून दिलेला जीसीसी असेल तर मूळ जीसीसीवर तोच बग दाखवता येतो का ते बघा. नसेल येत तर तक्रार चिपवाल्याकडे. मूळ जीसीसीतही फक्त अलीकडच्या काही शाखा चालू असतात. बंद झालेल्या शाखेवरचा बग नेलात तर 'नव्यावर करून बघा' एवढंच उत्तर येईल, आणि ते रास्त आहे.

मजकूर असा: पहिल्या ओळीत काय होतं आणि काय व्हायला हवं. मग आवृत्ती, प्रोसेसर, कमांड, तुकडा, आणि बायसेक्ट केलं असेल तर बदलाची ओळख. मोडकं इंग्रजी चालतं. तिथल्या कितीतरी जणांची मातृभाषा इंग्रजी नाही, ते शुद्धलेखन बघत नाहीत, तुकडा चालतो का ते बघतात. "अर्जंट, आमचं प्रॉडक्शन बंद आहे" असं लिहू नका आणि कंपनीला लिहू देऊ नका. वाचणाऱ्यांत पगारी लोक आहेत, पण तुमच्यासारखे रात्री जेवून बसलेलेही बरेच आहेत.

## ८. नोंदवल्यावर

सुरुवातीला बग 'अनकन्फर्म्ड' असतो. दुसऱ्या कुणाला दिसला की 'न्यू'. 'वेटिंग' झाला तर चेंडू तुमच्याकडे आहे, काहीतरी विचारलंय, मेल बघा. 'इनव्हॅलिड' झाला तर राग मानू नका, कारण वाचा. बहुधा टप्पा तीनमधलं काहीतरी सुटलेलं असतं. माझे पहिले दोन्ही बग इनव्हॅलिड निघाले होते.

स्वतः पॅच (दुरुस्तीचा कोड) पाठवायचा मोह झाला तर जरूर पाठवा. २०२१ पासून जीसीसीत एफएसएफला (फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला) कॉपीराइट लिहून द्यायची सक्ती नाही, 'साइन्ड-ऑफ-बाय'ची ओळ देऊन भागतं. मात्र त्या ओळीत तुम्ही 'हा कोड द्यायचा मला हक्क आहे' असं म्हणत असता. म्हणून तुमच्या नोकरीच्या करारात सुट्टीच्या वेळेत लिहिलेला कोड कुणाचा होतो ते आधी वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच करारांत ते कलम असतं आणि सही करताना कुणी बघत नाही.

दुरुस्ती झाली तरी ती कंपनीच्या हातात पडायला वेळ लागतो. जीसीसीची मोठी आवृत्ती वर्षातून एकदा, साधारण एप्रिल-मेमध्ये येते. मग ती चिपवाल्याच्या संचात कधी येईल ते त्याच्यावर. तोवर त्यांना पर्याय द्या: ज्या फाइलीत बग दिसतो तेवढ्याच फाइलीला मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलीत) ओ-वन, म्हणजे ओ-टूपेक्षा सौम्य ऑप्टिमायझेशन, लावा, किंवा बायसेक्टमध्ये सापडलेलं ऑप्टिमायझेशन तेवढं बंद करा. अख्ख्या प्रोजेक्टचं ऑप्टिमायझेशन उतरवू नका, चिपमध्ये कोड मावेनासा होतो आणि मग त्याचाही फोन तुम्हालाच येतो. त्या ओळीशेजारी कॉमेंटमध्ये बगचा नंबर लिहायला लावा. नाहीतर सहा महिन्यांनी नवा पोरगा येतो, 'ही ओळ कशाला ठेवलीय' म्हणून उडवतो आणि पुढच्या हंगामात फोन पुन्हा पहिल्यापासून सुरू.